उन्हाळा आणि लिथियम-आयन विद्युत्‌घटाचे वार्धक्य

धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअस ओलांडते. अशा दिवसांत पत्र्याच्या छपराखाली पूर्ण प्रभारित करून ठेवलेल्या विजेच्या दुचाकीची बॅटरी, दुचाकी न चालविताही, जीर्ण होत असते. वापराने होणारी झीज सर्वपरिचित आहे. या निष्क्रिय जीर्णतेचा विचार मात्र क्वचितच होतो.

लिथियम-आयन घटाच्या ग्रॅफाइट ऋणाग्रावर विद्युत्‌विच्छेद्याच्या विघटनातून एक सूक्ष्म थर जमतो. तो रक्षक खरा. परंतु त्याच्या वाढीत लिथियम कायमचे अडकून पडते व धारिता उणावते. थर जाड होईल तसतशी ही वाढ मंदावते. म्हणून हा ऱ्हास बहुधा काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात आढळतो.

परीक्षणासाठी एकाच जातीचे घट भिन्न तापमानांत व भिन्न प्रभारपातळ्यांवर कित्येक महिने ठेवावे लागतात. ठराविक कालावधीनंतर प्रत्येक घट २५ अंशांवर आणूनच त्याची धारिता मोजावयाची. कारण उष्ण घट मुळातच अधिक धारिता दाखवितो. मूळ धारितेच्या ८० टक्के उरली की वाहनापुरते आयुष्य संपले, असे सामान्यतः मानतात. उच्च तापमानावरील निष्कर्ष आऱ्हेनिअसच्या समीकरणाने नित्याच्या तापमानास लावता येतात. पण तापमान फार चढविल्यास निराळ्याच विक्रिया सुरू होतात आणि अनुमान फसते. तेव्हा धाराशिवसाठी २५ अंशांवर काढलेला आयुष्याचा आकडा पुरेसा नाही. ४० ते ४५ अंशांवर, पूर्ण व अर्ध्या प्रभाराचे घट शेजारी ठेवून, निदान एक वर्ष निरीक्षण करणे अगत्याचे आहे.