परदेशातलं बिऱ्हाड – लेखांक ११ : भिंतीपलीकडची नोटीस

‘नोटीस आली’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडे नोटीस येते ती वकिलाची नाहीतर महापालिकेची. इंग्लंडात एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत राहणाऱ्याला मात्र कधी ना कधी शेजाऱ्याचीच नोटीस येते. ती भांडणाची नसते. माळ्यावर खोली काढायची आहे, त्यासाठी गर्डरची टोकं आपल्या दोघांमधल्या भिंतीत बसवायची आहेत, एवढंच त्याने रीतसर कळवलेलं असतं.

आमच्याकडे ती आली तेव्हा मी ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर ड्रॉवरमध्ये सारली. शेजारी भला माणूस, दिवाळीला आमच्या चकल्या आवडीने खाणारा. त्याच्या कामात कशाला मोडता घालायचा? मौन म्हणजे संमती, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. इथला कायदा नेमका उलटा आहे. सामाईक भिंतीच्या कामाची किंवा शेजारच्या खोदाईची नोटीस मिळाल्यावर १४ दिवसांत लेखी होकार गेला नाही, तर दोघांत वाद आहे असं धरलं जातं. मग दोघांनी मिळून एक सर्व्हेयर नेमायचा, नाहीतर प्रत्येकाने आपापला. त्यानंतरही तुम्ही ढिम्म राहिलात, तर नेमणुकीची लेखी मागणी केल्यापासून १० दिवसांनी तुमच्या वतीने सर्व्हेयर नेमायचा अधिकार शेजाऱ्याला मिळतो. हा खर्च सहसा काम काढणाऱ्याच्या माथी बसतो. माझ्या भिडस्तपणाचं बिल त्या भल्या माणसाने भरलं, आणि पुढच्या दिवाळीला चकल्यांचा डबा न्यायला मलाच ओशाळं वाटलं.

हा पार्टी वॉल कायदा १९९६ चा, लागू झाला १ जुलै १९९७ ला, आणि तो फक्त इंग्लंड-वेल्सपुरता आहे. एडिनबरोच्या वाचकांनी त्याच्या भरवशावर राहू नये. लंडनमध्ये मात्र सामाईक भिंतीचे नियम फार जुने. १६६६ च्या आगीनंतर शहर विटांनी पुन्हा बांधताना, १६६७ च्या कायद्यातच ते आले होते.

भिंतीला खिळा ठोकायला किंवा गिलावा करायला नोटीस लागत नाही. भिंत कापणं, उंच करणं, तिच्यातली जुनी चिमणी काढणं, याला दोन महिने आधी कळवावं लागतं. तुमच्या घरापासून तीन मीटरच्या आत तुमच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी; खोदाई फारच खोल असेल तर हे अंतर सहा मीटरपर्यंत जातं. फ्लॅटवाल्यांनो, तुमची जमीन म्हणजे खालच्याचं छत, तेही यात येतं.

आता मुद्द्याचं. या कायद्याने तुम्हाला काम थांबवता येत नाही. तुमच्या हाती आहे ते कामाची रीत ठरवणं, आणि त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे काम सुरू होण्याआधी तुमच्या घराची टिपण व फोटोंसह नोंद. आमचा सर्व्हेयर दिवाणखान्यात शेकोटीवरच्या गिलाव्यातल्या केसासारख्या तड्याला पट्टी लावून फोटो काढत होता, तेव्हा मला हसू आलं होतं. तिकडे ड्रिल सुरू झालं, आमची गणपतीची तसबीर तिरकी झाली आणि जिन्यालगत नवा तडा गेला. नोंद काढून पाहिली. शेकोटीवरचा तडा आमचा जुनाच, जिन्याचा त्यांच्या कामाचा. हुज्जत पाच मिनिटांत मिटली. अशी भरपाई दुरुस्तीऐवजी रोखही मागता येते.

म्हणून शेजारी सरळ असेल तर खुशाल होकार द्या, पण त्यातच लिहा की आधी घराची नोंद झाली पाहिजे. होकार दिला म्हणजे भरपाईचा हक्क सोडला असं होत नाही. आणि सर्व्हेयर तुम्ही नेमला तरी तो तुमचा वकील नव्हे. त्याने दोघांकडेही सारखंच पाहायचं असतं. त्याचा निवाडा पटला नाही तर काउंटी कोर्टात अपिलाला १४ दिवस असतात.

नोटीस न देताच घण पडायला लागले तर? २०२३ मध्ये पॉवर अँड कायसन विरुद्ध शाह या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं की काम काढणाऱ्याने नोटीसच दिली नसेल, तर दुसऱ्या शेजाऱ्याला आपणहून या कायद्याखाली सर्व्हेयर नेमून निवाडा मिळवता येत नाही. त्याला कोर्टातच जावं लागतं, मनाईहुकूम नाहीतर नुकसानभरपाई मागायला. तो रस्ता महाग. त्यामुळे शेजारी मचाण बांधताना दिसलं की त्याच दिवशी कुंपणावरून विचारा.

पुढच्या लेखांकात नोटीस तुम्हालाच द्यायची असेल तेव्हाचं पाहू. तोवर जाहिरातींचा तो ड्रॉवर एकदा उपसून बघा.