घाटकोपरहून जंगलात, मेट्रोने

घाटकोपरला पंतनगरचं आचार्य अत्रे मैदान आहे, सोसायट्यांच्या बागाही आहेत; पण दिवसभर झाडांत भटकायचं तर बोरिवलीचं नॅशनल पार्कच. पूर्वी आम्हा सेंट्रलवाल्यांना दादरला गाडी बदलून वेस्टर्न धरावी लागे आणि तिथेच बेत बारगळे. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली, २०२३ मध्ये तिला गुंदवलीची मेट्रो जोडली गेली. आता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला उतरायचं, पुलावरून गुंदवली गाठायची आणि दहिसरच्या गाडीत बसायचं. पार्कच्या नावाचंच स्टेशन आहे. सोमवारी मात्र पार्क बंद असतं.

बोटिंग आणि सफारी पोरांसाठी ठीक. मोठ्यांनी सरळ कान्हेरी गाठावी, गेटपासून साधारण सहा किलोमीटर. इसवी सनाच्या सुमारास सुरू झालेलं इथलं लेणीकाम हजारएक वर्षं चाललं. शंभरावर लेणी आहेत. सगळे जण तीन नंबरच्या चैत्यात फोटो काढून परततात. माझं म्हणणं, वर चढत जा आणि पाण्याकडे बघा. बहुतेक लेण्यांच्या अंगणात कातळात खोदलेली पोढी दिसेल; उतारावरचं पावसाचं पाणी तिच्यात आणायला पन्हळी कोरल्या आहेत. चार महिने कोसळून आठ महिने दडी मारणाऱ्या पावसाशी भिक्खूंनी असं जमवून घेतलं होतं. वाटेत पाड्यांवरच्या बायका काकड्या, चिंचा, बोरं विकत बसतात. घ्या, पण पिशवी लपवा. माकडांना सगळं कळतं.

पुढे इंग्रजांनीही याच डोंगरांचं पाणी अडवलं. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं, तुळशी १८७९चा. आज शहराचा मोठा भार भातसा-वैतरणा उचलतात, पण हे दोन तलाव अजून पाणी देतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल पाऊस धरून ठेवतं, म्हणून ते भरतात.

पश्चिमेच्या लोकांना पार्क आपलं वाटतं. खरं तर विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी मिठी नदीतून आपल्या शेजारच्या कुर्ल्यावरून जातं. २६ जुलै २००५च्या पुरात मिठीने काय केलं, ते कुर्ल्याकडच्या कुणालाही विचारा. तेव्हा विहार भरल्याची बातमी घाटकोपरात नुसती टाळ्या वाजवायची नसते. पाऊस चालूच असेल, तर त्या दिवशी कुर्ल्याच्या बाजूला जायचं काम पुढे ढकलावं.