मागच्या सीटवरून आखलेला रस्ता

गोव्यात वागातोरच्या टेकडीवर नोव्हेंबरात तीन दिवस बुलेटवाल्यांचा मेळा भरतो. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स म्हणतात. आमच्या घरात अजून मेनियाच. पहिल्यांदा गेलो तेव्हा आखणी नवऱ्यानं केली होती. पुण्याहून पहाटे पाचला निघायचं, सातारा, कोल्हापूर, निपाणी, आंबोली, सावंतवाडी करत साडेचारशे किलोमीटर एका दिवसात कापायचे, टाकी तेरा लिटरची म्हणून पेट्रोलला एकदाच थांबायचं आणि संध्याकाळी सहाला पोचायचं. त्याप्रमाणे सहाला पोचलोही. टेकडीवर गाणी सुरू झाली तेव्हा मी खोलीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माकडहाड ठणकत होतं, मांड्या दगड झाल्या होत्या. मेळ्याचा दुसरा दिवसही असाच गेला.

त्याच्या हिशेबात चूक नव्हती. हँडल हातात असलेल्याला प्रवास किलोमीटरमध्ये दिसतो. त्याला खड्डा आधी दिसतो, ब्रेक कधी दाबणार हे ठाऊक असतं, त्यामुळे अंग आपोआप सावरून बसतं. मागं बसणाऱ्याच्या अंगाला हे सगळं अर्ध्या क्षणानं उशिरा कळतं, आणि त्या अर्ध्या क्षणाचे फटके दिवसभर साचत जातात. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी तू आख."

तेव्हापासून आखणीची वही माझ्याकडे आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी एका रविवारी आम्ही पूर्ण सामान बांधून ताम्हिणीपर्यंत जाऊन येतो. हे मी कधीच चुकवू देत नाही. पहिल्या रविवारी घड्याळ लावून बसले होते. पन्नास मिनिटांनी मला बसायची जागा बदलावीशी वाटायला लागली. तास उलटून गेल्यावर मी वळणावर आखडून ताठ बसत होते. गाडी डावीकडे झुकायची आणि माझं वजन उजवीकडेच राहायचं. त्याला ते हँडलवर जाणवत होतं, इतके दिवस तो दोष रस्त्याला देत होता. म्हणजे मागच्याचा थकवा मागच्यापुरता राहत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं: दर पन्नास मिनिटांनी उतरायचं, चहा असो वा नसो.

या एका ओळीनं अख्खा रस्ता बदलला. हायवे सोडून आम्ही किनारा धरला. अंतर सहाशेच्या वर गेलं, पण चार दिवसांत वाटलं गेलं: ताम्हिणी, माणगाववरून हरिहरेश्वर, मग गुहागर, मग देवगड, आणि शुक्रवारी वागातोर. मुक्काम शुक्रवारपासून उलटे मोजत ठरवायचे. गुहागरचा दिवस शंभरेक किलोमीटरचा आहे, तो मुद्दाम छोटा ठेवलाय, कारण त्या दिवशी दोन खाड्या लागतात. बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्रीची खाडी, आणि दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची. दाभोळची फेरीबोट २००३ पासून आहे. ती चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर थांबायचं, आणि दिवसातली शेवटची चुकली तर चिपळूणचा वळसा, तोही अंधारात. म्हणून बोटींच्या वेळा आदल्या आठवड्यात फोन करून पक्क्या करते. गेल्या वर्षीची वेळ यंदा असेलच असं धरून चालत नाही.

फेरीबोटीवर चढण्याचीही रीत बसवावी लागली. उतरता लोखंडी पत्रा ओला असतो, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. मी धक्क्यावरच उतरते, तो एकटा पहिल्या गिअरमध्ये सावकाश, ब्रेक न दाबता गाडी वर नेतो, मी चालत जाते. गाडी साइड स्टँडवर, गिअरमध्ये, आणि बोट सुटेपर्यंत एकाचा हात हँडलवर. तिसऱ्या दिवशी सकाळी तवसाळ ते जयगड, शास्त्रीची खाडी ओलांडताना हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. तेव्हा मी कठड्याला टेकून खाडीचं तोंड बघत उभी राहते. पाठीला मिळणारी ती सगळ्यात चांगली विश्रांती.

नोव्हेंबरच्या शेवटी कोकणात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाचला खोलीत शिरायचं हा नियम त्यावरूनच आला. पावसानं वाहून आलेली जांभ्याची खडी वळणांवर अजून पडलेली असते, आणि अंधारात लाल रस्त्यावर लाल खडी दिसत नाही. शिवाय दोघं आणि सामान बसल्यावर गाडीचं ढुंगण दबतं, हेडलाइट वर उचलला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला चाकापुढचं दिसत नाही. भार टाकून, घरासमोरच्या भिंतीवर झोत पाडून तो आधीच खाली घ्यावा लागतो.

भाराचं गणित तर मी काट्यावर करते. गाडी १९५ किलोची. तो ७८, मी ५८, दोघांची जॅकेटं, हेल्मेटं, बूट मिळून नऊ-दहा. सामानाला मी बारा किलोची हद्द घातली आहे. दोन्ही सॅडलबॅगा ताणकाट्याला टांगून सारख्या करायच्या. जड वस्तू तळाशी, रेनकोट सगळ्यात वर, सायलेन्सरच्या बाजूला प्लॅस्टिक अजिबात नाही. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, मागच्या-पुढच्या ट्यूबा आणि चेनचा स्प्रे एवढं त्याचं. तेवढ्याच वजनाचं माझं. हवा मात्र घरून निघतानाच, टायर थंड असताना भरायची, आणि मागच्या चाकात दोघांसाठी जो वेगळा आकडा मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. पंपावरचा पोरगा अंदाजानं भरतो, म्हणून गेज आमच्याकडे असतं.

गाडीची दुसरी किल्ली माझ्या खिशात असते. माझ्या जॅकेटात त्याचा रक्तगट आणि त्याच्या भावाचा नंबर, त्याच्या जॅकेटात माझा रक्तगट आणि माझ्या बहिणीचा. मोबाइलमध्ये आहे की, असं तो पहिल्या वर्षी म्हणाला होता. मोबाइल फुटतो, लॉक असतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी स्वतः शिवून दिला.

खोली वागातोरला मिळाली नाही तर आसगावात घेतो. तिथून मेळा जवळ आहे. पार्किंग कंपाउंडच्या आत हवं एवढंच मी विचारते. रात्री बिअर झाली तर गाडी मेळ्यावरच ठेवून खोलीवर चालत यायचं. मेळ्यात मला सगळ्यात आवडते ती हळू चालवण्याची शर्यत: पाय जमिनीला न टेकवता जो सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो. त्या वेळी क्लचवरची बोटं बघावीत.

परतीचा रस्ता मात्र आंबोलीवरूनच, आजरा, उत्तूर, निपाणी करत, पण मध्ये कोल्हापूरला मुक्काम. परतीला कुणी आखणी करत नाही, आणि थकलेलं अंग तेव्हाच असतं.

सोमवारी रात्री, निघायच्या आदल्या दिवशी, एकच काम उरतं. मागच्या शॉकअपना सहा खाचा असतात. एरवी तो एकटा फिरतो म्हणून दुसऱ्या खाचेवर असतात. तो पान्हा घेऊन पार्किंगमध्ये बसतो, दोन्ही बाजू सारख्या फिरवतो, मग स्वतः पुढं बसून गाडी सरळ धरतो. बॅगा बांधलेल्या असतात. मी चपला काढून बूट घालते, हेल्मेटही घालते, कारण तेही वजनच, आणि त्याच्या खांद्याला धरून वर चढते. दोन-तीनदा जोर देऊन दाबून बघते.

"आता?"

"अजून एक खाच घे."

मी उतरते. तो परत पान्हा लावतो.