ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत

8 वाजून 12 मिनिटं. मुंबई विमानतळावर, खिडकीखाली चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक माणूस विमानाच्या चाकांचे ठोकळे उचलून बाजूला झाला. मी वहीत वेळ लिहिली. नागपूरच्या प्रवासाचं घड्याळ इथून सुरू होतं. वेळापत्रकातले 1 तास 35 मिनिटं नुसते उडण्याचे नसतात. चाकांचे ठोकळे निघाल्यापासून नागपुरात ते पुन्हा लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 680 किलोमीटर. रेल्वेने ते 837 भरतं, समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. ताशी 800 च्या वेगाने नागपूर 51 मिनिटांत यायला हवं. मग उरलेली मिनिटं जातात कुठे? आईकडे जाताना दर वेळी मी त्यांचा माग काढतो.

टगने विमान मागे ढकललं. टग सुटल्यावर एक कर्मचारी बाजूला येऊन उभा राहिला आणि लाल फीत लावलेली पिन त्याने हात उंचावून वैमानिकाला दाखवली. पुढचं चाक आता तुमच्या ताब्यात, अशी ती खूण. बोटाएवढी वस्तू, पण ती दिसल्याशिवाय विमान जागचं हलत नाही.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. आमच्यापुढे चार विमानं होती, शिवाय उतरणाऱ्यांना वाट द्यायची. 8:34 ला चाकं जमिनीवरून सुटली, तीही पश्चिमेला! विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. त्यामुळे पूर्वेच्या नागपूरला निघालेले आम्ही आधी जुहूच्या समुद्रावर गेलो आणि मग वळलो.

33 हजार फुटांवर पोचून जरा स्थिरावतो, तोच उतरण सुरू होते. हजार फूट उतरायला साधारण तीन सागरी मैल लागतात. म्हणजे नागपूर 185 किलोमीटरवर असताना, अकोला मागे टाकून अमरावती यायच्या आतच, इंजिनांचा आवाज मवाळ होतो. पूर्ण वेगाची मिनिटं अशी थोडीच.

त्यात वारा. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे जोरात असतात. ताशी 80 चा वारा पाठीशी असेल तर 800 चे 880 होतात, परतताना 720. पाचशे किलोमीटरमागे आठेक मिनिटांचा फरक पडतो. अंतर तेच, वेळ निराळी.

नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशी जबलपूर 170 मैल, रायपूर 174 मैल अशी अंतरं दगडात कोरलेली आहेत. वेळ अशी कोरता येत नाही. ती रोज नव्याने माणसांना घडवावी लागते, आणि त्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

9:38 ला चाकं टेकली. 9:46 ला विमान थांबलं. खाली एक जण ठोकळे घेऊन वाकला, आणि मी वही मिटली.