मेंदूच्या फांद्यांवरचे काटे

सोयाबीनचे रोप उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. परभणीच्या शेतकऱ्याला त्या वेगळ्या दाखवाव्या लागत नाहीत. आपल्या मेंदूतल्या चेतापेशींना फांद्या असतात आणि त्यांच्यावरही असेच फुगवटे असतात. फरक एवढाच, की गाठ मुळाला चिकटून बसते आणि यांना बहुधा अळंबीसारखा देठ असतो. शास्त्रज्ञ त्यांना ‘स्पाइन’, म्हणजे काटे म्हणतात. टोचण्यासारखे मात्र त्यांत काही नाही!

स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांना हे काटे १८८८ मध्ये कोंबडीच्या लहान मेंदूत दिसले. इतर म्हणाले, हा तर रंगाचा गाळ! काहाल हटले नाहीत. दुसरा रंग वापरून त्यांनी तेच काटे पुन्हा दाखवले. पुढे १९५९ मध्ये ई. जी. ग्रे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की शेजारच्या पेशीचा निरोप या काट्यांवर उतरतो.

काट्याचे डोके सहसा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. निरोप आला की त्यात कॅल्शियम शिरते आणि देठ अरुंद असल्याने बरेचसे तिथेच अडते. वरंबा घातलेल्या वाफ्यातले पाणी शेजारी जात नाही, तसे. म्हणून हजारो काट्यांमधला नेमका एक बदलू शकतो. तोच निरोप जोरात, पुन्हा पुन्हा आला तर डोके मोठे होते, आतला अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा वाढतो, जोड पक्का होतो. आपण ज्याला शिकणे म्हणतो, त्यातला मोठा भाग हा. काही काट्यांत कॅल्शियम साठवणारी पिशवीही असते. पुण्याच्या ‘आयसर’मधील गौरांग महाजन व सुहिता नाडकर्णी यांनी २०१९ मध्ये संगणकावर हिशेब मांडून दाखवले, की असा काटा पिशवी नसलेल्या काट्याहून वेगळ्या रीतीने बदलतो.

मी या विषयाकडे वळलो ते जिंतूर तालुक्यातल्या माझ्या आत्यामुळे. तिला अल्झायमर आहे. या आजारात काटे आणि त्यांच्यावरचे जोड गळत जातात. घरचे म्हणायचे, ‘म्हातारी सोंग करते.’ सकाळचा चहा विसरणारी बाई पन्नास वर्षांपूर्वीच्या बैलांची नावे कशी सांगते, असा त्यांचा सवाल. नवे साठवण्याची जागा आधी खचते आणि जुने बरेच दिवस तग धरते, हे मी त्यांना सांगितले. जोड कागदावर काढून दाखवले. सूनबाई बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग उठून तिने आत्याला दुसऱ्यांदा चहा दिला.

तेवढ्यात आत्याने मला विचारले, ‘कधी आलास रं बाबा?’

तासाभरात चौथ्यांदा.