पिशवीतल्या गोळ्या

सत्तरी ओलांडलेलं माणूस वॉर्डात दाखल झालं की मागोमाग एक कॅरीबॅग येते. आत अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चूर्णाची डबी, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली कसलीशी गोळी. जुनीजाणती सिस्टर औषधांचं काम फाइलच्या आधी या पिशवीपासून सुरू करते. सगळं पलंगावर ओतायचं आणि स्ट्रिपवरचं कंपनीचं ठळक नाव सोडून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचायचं. मग उलगडतं की शहरातल्या डॉक्टरांची ही गोळी आणि गावातल्या डॉक्टरांची ती, दोन्ही अ‍ॅम्लोडिपिनच. आजी इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या आणि चक्कर येते म्हणून दाखल झाल्या. यातलं काय चालू ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात. यादी मात्र पुरी हवी. चूर्णही त्यात लिहायचं, घरचे कितीही म्हणोत की "ते काय औषध आहे होय!"

वय झालं की शरीराचा औषधाशी व्यवहार बदलतो. मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. तपासायला रक्तातलं क्रिएटिनिन आहे, पण ते स्नायूंतून तयार होतं. हाडांची काडं झालेल्या आजींचा आकडा म्हणूनच छान दिसतो आणि मूत्रपिंडं थकलेली असतात. वय-वजन धरून हिशेब केला तरच खरं चित्र कळतं, आणि म्हणून केसपेपरवर अंदाजाने लिहिलेलं वजन मला फार खटकतं. रुग्णाला काट्यावर उभं करायला कितीसा वेळ लागतो?

आता सकाळचा राउंड. ट्रॉली पलंगाशी येते. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारायचं नाही. कमी ऐकू येणाऱ्या आजी कशालाही मान डोलावतात. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू," असं विचारायचं आणि मनगटावरच्या पट्ट्याशी ते ताडून पाहायचं. डिगॉक्सिन असेल तर आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची; 60 च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर दाब झोपवून आणि नंतर उभं करून, दोनदा मोजायचा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरला, तर त्या आजी रात्री संडासला जाताना पडू शकतात.

सगळ्यात जपायचं ते इन्सुलिनला. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली बाटली मिळते, तशी 100 ची इन्सुलिनंही मिळतात. 40 ची सिरींज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरींजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात. थकलेल्या माणसाला तेवढ्याने बेशुद्धी येऊ शकते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग शेजारी धरून, भरलेली सिरींज दुसऱ्या सिस्टरला दाखवायची. आणि न्याहारीचं ताट आलंय का, हेही पाहायचं.

गिळवत नाही म्हणून गोळी कुटून द्यायची, ही घरोघरची सवय. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसाचा डोस एकदम पोटात जातो. नावापुढे एसआर, ईआर अशी अक्षरं असतील तर खलबत्ता बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्यायचा. गोळी उशाशी ठेवून पुढे जायचं नाही. ती गिळलेली पाहायची आणि मगच चार्टवर सही करायची. घाईत आधीच सह्या उरकणारे हात मीही पाहिलेत.

डिस्चार्जच्या दिवशी तीच पिशवी पुन्हा पलंगावर ओतली जाते. बंद झालेल्या स्ट्रिपा वेगळ्या निघतात, उरलेल्यांवर सूर्य नाहीतर चंद्र काढला जातो. मग सिस्टर गप्प बसते आणि आजींनाच सांगायला लावते. "ही अर्धी, जेवल्यावर. ही चंद्राची." इथवर बरोबर. "आणि ती गुडघ्याची?" आजी मुलाकडे बघतात. ती कुठे गेली म्हणून पिशवी पुन्हा चाचपली जाते, आणि स्ट्रिप आजींच्या बटव्यातून निघते.