व्हिसाची रांग आणि गावातल्या वावड्या

नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि बीड स्थानकावरून नगरकडे प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. वाट पाहण्यात मुरलेल्या या बीड जिल्ह्यातही काही घरांना वाट पाहणं जड जातं. नवरा अमेरिकेत आणि सून गेवराईत किंवा अंबाजोगाईत अशी ती घरं. लग्नाला वर्ष उलटलं की आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला: “व्हिसा आला नाही का अजून?” उत्तर मिळालं नाही की लोक आपापल्या परीने उत्तरं तयार करतात. कागदात खोट असेल, जावयाची नोकरी गेली असेल, नाहीतर पोरालाच तिला न्यायचं नसेल.

सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की उशीर म्हणजे कुणाची तरी चूक. प्रत्यक्षात उशीर बऱ्याचदा रांगेमुळे होतो, आणि या रांगा वेगवेगळ्या आहेत. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर पती-पत्नीच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादाच नाही. जोडीदारासाठी भरलेल्या आय-१३० अर्जाची छाननी, मग नॅशनल व्हिसा सेंटर, मग मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली मुलाखत, या टप्प्यांना लागेल तेवढाच वेळ. जोडीदाराकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर प्रकरण ‘एफ२ए’ या गटात जातं आणि तिथे दरवर्षीचा कोटा आडवा येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोचा एच-४ हा तर स्थलांतराचा व्हिसाच नाही. त्याला आय-१३० लागत नाही, तो नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने मिळतो. शेजारणीच्या मुलीला तीन महिन्यांत मिळाला तो बहुधा हाच. तिच्याशी तुलना करून जीव जाळण्यात अर्थ नाही.

“भारतीयांचा नंबर शंभर वर्षांनी लागतो” हे वाक्यही बीडच्या पारावर पोचलं आहे. त्यात तथ्य आहे, पण ते नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाबद्दल. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही अट तिथे भारतीयांना जाचते. ‘एफ२ए’मधले ७५ टक्के व्हिसा मात्र या देशनिहाय मर्यादेतून वगळलेले आहेत. त्यामुळे माजलगावच्या मुलीची तारीख सहसा जगातल्या बहुतेक देशांतल्या अर्जदारांइतकीच पुढे-मागे असते. हा गट जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत तर ‘करंट’ होता, म्हणजे कोट्याची रांगच नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये ती पुन्हा लागली. आधी सुटलेल्या मावसबहिणीचं नशीब मोठं नव्हतं, तिचा काळ बरा होता एवढंच.

या रांगेतून बाहेर पडायची एक कायदेशीर वाटही आहे. थांबण्याच्या काळात ग्रीन कार्डधारक नवरा नागरिक झाला, तर तोच आय-१३० कोट्याबाहेरच्या गटात जातो. नवा अर्ज लागत नाही. मेख मुलांच्या बाबतीत आहे. ‘एफ२ए’मध्ये मूल आईच्या अर्जाला जोडलेलं चालतं, नागरिकाच्या गटात प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० लागतो. नागरिकत्वाचे पेढे वाटताना हे राहून गेलं, तर आईचा व्हिसा येतो आणि लेकराचा येत नाही.

कधीकधी सगळे कागद चोख असूनही दार बंद होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या २२ एप्रिल २०२० च्या आदेशाने ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांचे व्हिसा थांबले. नागरिकांच्या जोडीदारांना सूट होती. जूनमध्ये एच-१बी आणि एच-४ वरही बंदी आली. पहिली बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतली गेली, दुसरी ३१ मार्च २०२१ ला संपली. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा भारतातल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. यात कुठल्या सुनेचा पायगुण शोधणार?

मुलाखतीनंतर हातात २२१(जी) ची चिठ्ठी पडली आणि संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ दिसलं की घरात रडारड होते. अजून कागद हवेत किंवा तपासणी बाकी आहे, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. मात्र मागितलेले कागद वर्षाच्या आत गेले पाहिजेत, नाहीतर अर्ज आणि फी पुन्हा नव्याने.

आता कागदांवरच्या नावाचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. अडचण येते ती एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नाव असलं की. तारखांचंही तसंच. व्हिसाची घाई म्हणून आधी नोंदणी पद्धतीने लग्न आणि सहा महिन्यांनी मंगल कार्यालयात थाट, हे आता नेहमीचं झालं आहे. तसं करण्यात गैर काही नाही. पण अर्जात एक तारीख, पत्रिकेवर दुसरी आणि मुलाखतीत तिसरंच उत्तर आलं तर अधिकाऱ्याला शंका येणारच. दोन्ही समारंभ सरळ सांगावेत. पत्रिका आणि अल्बम पूरक असतात. लागतो तो निबंधकाचा विवाह नोंदणी दाखला. राज्याच्या १९९८ च्या कायद्याने तो गावातही मिळतो.

“तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये” हा सल्ला देणारे पुष्कळ. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात, तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. ‘हो’ लिहिलं तर व्हिसा मिळणं अवघड, आणि ‘नाही’ असं खोटं लिहिलं तर कायमची बंदी येऊ शकते. खोटं लिहायला सांगणारा एजंट त्या वेळी फोन उचलत नाही. कॅनडाचा नियम वेगळा आहे. पती-पत्नीचा अर्ज चालू असताना तात्पुरता व्हिसा मागायला तिथला कायदा हरकत घेत नाही. जर्मनीसाठी जोडीदाराला बहुधा ए१ पातळीचं जर्मन यावं लागतं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. म्हणून अमेरिकेचा अनुभव जर्मनीला लावू नये.

“एजंटाची वर ओळख आहे” यावर पैसे घालवू नयेत. प्रकरण कुठे आहे ते पावती क्रमांक टाकून घरबसल्या दिसतं. व्हिसा हातात येईपर्यंत सुनेने नोकरी किंवा शिक्षण सोडू नये, न बदलता येणारं तिकीट काढू नये. मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय वैद्यकीय तपासणीही करू नये. तिची मुदत साधारण सहा महिन्यांचीच असते आणि व्हिसाची मुदत तिच्यावरच ठरते.